उंची मोजायची तर पंचेचाळीस अंशांवर उभं राहा

दहावीच्या त्रिकोणमितीच्या उदाहरणांत सगळं आयतं मिळतं. निरीक्षक इमारतीपासून इतक्या मीटरवर उभा आहे, उन्नत कोन, म्हणजे टोक बघताना नजर आडव्या पातळीपासून वर उचलते तो कोन, ६० अंशांचा आहे, तर इमारतीची उंची काढा. वर्गमूळ तीनची किंमत १.७३ घ्यायची, गुणाकार करायचा, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. पण आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या नव्या टॉवरसमोर जाऊन उभं राहिलं की अंतर कुणी सांगत नाही आणि कोनही कुणी सांगत नाही. कुठे उभं राहायचं, अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत धरायचं, कोन कशाने मोजायचा आणि आलेल्या उत्तरावर कितपत विसंबायचं, हे सगळं आपलं आपण ठरवायचं. सूत्र एका ओळीत संपतं. खरा कस या निर्णयांत लागतो, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत सोप्या साधनापासून सुरुवात करू. कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. त्यांतला ४५-४५-९० अंशांचा, म्हणजे दोन बाजू सारख्या असलेला गुण्या घ्या. घरात कंपासपेटी नसेल तर चौरस कागद कर्णावर दुमडला तरी तोच त्रिकोण मिळतो. आता एक बाजू जमिनीला समांतर आणि दुसरी सरळ उभी राहील असा तो डोळ्यासमोर धरा, डोळा खालच्या टोकाशी. उभी बाजू खरंच उभी आहे का, हे अंदाजाने कळत नाही. तिच्या वरच्या टोकाला दोरा बांधून त्याला एखादा नट लटकवा. गवंड्याचा ओळंबा असतो तोच हा. दोरा बाजूला चिकटून खाली आला की हात स्थिर ठेवा आणि कर्णाच्या रेषेतून वर बघा. इमारतीचं टोक त्या रेषेच्या वर दिसलं तर मागे सरका, रेषेच्या खाली गेलं तर पुढे या. टोक कर्णाच्या रेषेत आलं की थांबा. तुम्ही उभे आहात तिथपासून इमारतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्यात तुमच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवा. ती झाली इमारतीची उंची.

हे का जमतं? हातातल्या लहान त्रिकोणाचे तीन कोन आणि डोळा, भिंत, इमारतीचं टोक यांनी होणाऱ्या मोठ्या त्रिकोणाचे तीन कोन तेच आहेत. कोन सारखे असले की बाजूंची गुणोत्तरंही सारखीच राहतात, मग त्रिकोण तळहाताएवढा असो की दहा मजल्यांएवढा. पुस्तकात यालाच समरूप त्रिकोण म्हटलंय. गुण्याच्या दोन बाजू एकमेकींएवढ्या आहेत, म्हणून मोठ्या त्रिकोणातही आडवं अंतर आणि उभी उंची एकमेकांएवढी. उभी बाजू आपल्या हाताला लागत नाही, पण आडवी लागते. उंची मोजण्याच्या सगळ्या रीतींत हेच घडतं: न पोहोचता येणारी लांबी जमिनीवर उतरवून घ्यायची आणि तिथे मोजायची.

डोळ्याची उंची मिळवायचं बहुतेक जण विसरतात. गुण्या जमिनीवर नसतो, डोळ्याशी असतो. त्यामुळे मोठा त्रिकोणही डोळ्याच्या पातळीपासून सुरू होतो आणि त्याच्या खालचा साधारण दीड मीटर हिशेबातून सुटतो. दहा मजली इमारतीत दीड मीटर म्हणजे अर्धा मजला.

दुसरी गफलत जास्त खोल आहे. अंतर इमारतीच्या भिंतीपर्यंत मोजायचं नसतं. आपण जे टोक बघतो, त्याच्या बरोबर खाली जो बिंदू येतो, तिथपर्यंत ते मोजायचं असतं. सरळसोट इमारतीत गच्चीचा कठडा भिंतीच्याच रेषेत असतो, तिथे फरक पडत नाही. पण गच्चीच्या मधोमध असलेल्या लिफ्टच्या खोलीचं किंवा पाण्याच्या टाकीचं टोक धरलंत, तर ते भिंतीपासून पाच-सात मीटर आत असतं आणि पंचेचाळीस अंशांवर ते सगळे पाच-सात मीटर तुमच्या उत्तरातून गळतात.

पंचवटीतलं काळाराम मंदिर याचं चांगलं उदाहरण आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकात काळ्या दगडात बांधून घेतलेलं हे मंदिर. भोवती प्रशस्त आवार असल्यामुळे मागे सरकून शिखर बघायला जागाही मिळते. पण कळस बाहेरच्या भिंतीवर नाही, तो गाभाऱ्याच्या मधोमध आहे, आणि टेप घेऊन तिथे काही आपण जाऊ शकत नाही. अशा वेळी शिखराखालच्या भागाची बाहेरची रुंदी मोजायची, तिची निम्मी करायची आणि भिंतीपर्यंतच्या अंतरात ती मिळवायची. देऊळ सममित बांधलेलं असतं, म्हणून हे चालतं.

हाच पेच फार जुना आहे. थेल्स या ग्रीक गणितज्ञाने इजिप्तच्या पिरॅमिडची उंची सावलीवरून मोजली, अशी कथा प्राचीन ग्रीक लेखकांनी नोंदवून ठेवली आहे. काळ सुमारे २६०० वर्षांपूर्वीचा. माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी होईल त्या क्षणी पिरॅमिडची सावली मोजायची, की झालं. ऐकायला सोपं आहे. पण गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा पाया सुमारे २३० मीटरचा आणि मूळ उंची सुमारे १४६ मीटर. ऊन एका बाजूवर समोरून पडत असेल आणि सूर्य ४५ अंशांवर असेल, तर सावलीचं टोक पायाच्या मध्यापासून १४६ मीटरवर पडतं, आणि त्यांतले ११५ मीटर पिरॅमिडच्या पोटातच असतात. बाहेर वाळूवर मोजायला मिळते ती जेमतेम ३१ मीटर सावली. पायाची निम्मी बाजू तीत मिळवली नाही, तर उंची एक-पंचमांशाच्या आसपास येईल.

आता कोनाकडे वळू. दर वेळी ४५ अंशांची जागा मिळतेच असं नाही. तिथे रस्ता असेल, नाला असेल, दुसऱ्याचं कंपाउंड असेल. मग जिथे जागा मिळेल तिथे उभं राहून कोन मोजावा लागतो. त्यासाठी कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला वजन बांधा. नळीतून इमारतीचं टोक बघा, दोरा स्थिरावला की बोटाने दाबून धरा आणि तो कोणत्या अंशावर आहे ते वाचा. नळी आडवी असताना दोरा ९० वर असतो. ती वर उचलली की दोरा ९० पासून जितका सरकतो, तितका उन्नत कोन. दोरा ५२ वर आला तर कोन ३८ अंशांचा. मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ३८ चा टॅन काढा, तो ०.७८ येतो. अंतराला त्याने गुणा, डोळ्याची उंची मिळवा. टॅन म्हणजे काही गूढ नव्हे: आडवं एक मीटर गेलं तर त्या कोनात उभं किती मीटर चढतं, एवढंच तो आकडा सांगतो. ४५ अंशांचा टॅन १ असतो, म्हणून गुण्याच्या रीतीत गुणाकार करावा लागला नाही.

अशा घरगुती साधनात एखाद्या अंशाची चूक सहज होते. हात हलतो, वाऱ्याने दोरा डुलतो, आकडा वाचताना डोळा तिरका होतो. या एका अंशाने उत्तरात किती फरक पडतो, ते तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, आणि शाळेत हे कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं. डोळ्याच्या पातळीपासून ३० मीटर उंच इमारत घ्या. तिच्यापासून ५ मीटरवर उभे असाल तर एका अंशाच्या चुकीने उंची तीन-साडेतीन मीटरने हलते. म्हणजे एक अख्खा मजला. १० मीटरवर उभे असाल तर पावणेदोन मीटरच्या आसपास. ३० मीटरवर गेलात की फक्त एक मीटर. मग आणखी मागे गेलं तर आणखी कमी होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. ६० मीटरवर चूक पुन्हा सव्वा मीटरवर चढते आणि १०० मीटरवर जवळजवळ दोन मीटर होते.

कारण असं. इमारतीच्या अगदी जवळ गेलात की नजर जवळपास भिंतीला समांतर वर जाते, आणि ती जराशी कलली तरी भिंतीवर कितीतरी वर सरकते. फार लांब गेलात की नजर भिंतीला जवळजवळ काटकोनात भिडते, हे चांगलं, पण मधलं अंतरच इतकं वाढतं की एका अंशाची फट तिथपर्यंत पोहोचेतो रुंद होते, टॉर्चचा झोत दूरच्या भिंतीवर पसरतो तशी. पहिला दोष मागे सरकताना घटतो, दुसरा वाढतो. दोघांची बेरीज सर्वांत कमी नेमकी तिथे होते जिथे अंतर आणि उंची सारखी, म्हणजे ४५ अंशांवर. हिशेब सोपा करणारी आणि चूक कमीत कमी ठेवणारी जागा एकच निघावी, ही मला भूमितीतली फार सुंदर गोष्ट वाटते. तेव्हा कोनमापक हातात असला तरी ४५ च्या आसपासच उभं राहा. ३५ ते ५५ पर्यंत कुठेही चालेल, चूक फारशी वाढत नाही.

नाशिकला तर सूर्यही या कामात मदत करतो. आपलं शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य वर्षातला सर्वांत खालून जातो, तेव्हाही भर दुपारी तो इथे क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंश वर असतो. म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवशी, आभाळ मोकळं असेल तर, सूर्य दोनदा बरोबर ४५ अंशांवर येतो: एकदा सकाळी चढताना, एकदा दुपारनंतर उतरताना. त्या दोन क्षणी नाशिकमधल्या प्रत्येक उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी असते. दिल्लीकरांची हिवाळ्यात एवढी सोय नाही. तिथे २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य ३८ अंशांच्या वर चढतच नाही. आपल्याकडे २१ मार्चच्या आसपास हे क्षण सकाळी दहाच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला येतात. डिसेंबरात ते सरकत सरकत दुपारच्या दोन्ही बाजूंना येऊन बसतात. आणि दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि नाशिक त्याच्या बऱ्याच पश्चिमेला, ७३.८ वर. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावरून जायला सरासरी १२ वाजून ३५ मिनिटं होतात.

४५ च्या क्षणाची वाट बघायची नसेल तर काठी घ्या. एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा, तिची सावली मोजा, इमारतीची सावली मोजा. काठीची सावली ८० सेंटीमीटर आणि इमारतीची २४ मीटर असेल, तर २४ भागिले ०.८, उंची ३० मीटर. इथे डोळ्याची उंची मिळवायची नाही, कारण दोन्ही सावल्या जमिनीपासूनच सुरू होतात. पण दोन्ही मापं एकाच वेळी घ्यायला हवीत. मार्चमधल्या सकाळी दहाच्या सुमारास ३० मीटर इमारतीच्या सावलीचं टोक दर मिनिटाला पाव मीटरच्या आसपास सरकत असतं. एकट्याने आधी काठी मोजायची आणि मग टेप उलगडत इमारतीकडे जायचं, तर तेवढ्यात मीटरभराचा घोळ होतो. दोघं जण हवेत. किंवा एकाच क्षणी दोन्ही टोकांवर खडूने खुणा करायच्या आणि मग निवांत मोजायचं.

खूण करायला वाकलात की दुसरी अडचण दिसेल: सावलीला धारदार कड नसते. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद आहे. तबकडीची वरची कड आणि खालची कड आपापली सावली जरा वेगळ्या ठिकाणी पाडतात. ४५ अंशांच्या उन्हात ३० मीटर उंचीच्या सावलीची कड जमिनीवर अर्धा मीटरहून थोडी जास्त रुंदीची धूसर पट्टी होते. या पट्टीच्या मधोमध खूण करायची. काठीची सावली तीसपट लहान, म्हणून तिची पट्टी दोन सेंटीमीटरचीही नसते.

वर्षात दोनदा ही रीत नाशिकमध्ये भर दुपारी पूर्ण बंद पडते. २० मेच्या आसपास आणि पुन्हा २३ जुलैच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काही क्षण सरळ उभ्या काठीला सावलीच उरत नाही. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, पण मेमधला शून्य सावलीचा दिवस शाळकरी मुलांना गच्चीवर नेऊन जरूर दाखवावा.

आरशाची रीतही अनेकांनी ऐकलेली असते. जमिनीवर आरसा सपाट ठेवायचा, त्यात इमारतीचं टोक दिसेल इतकं मागे सरकायचं. डोळ्याची उंची भागिले आरशापर्यंतचं आपलं अंतर, आणि इमारतीची उंची भागिले आरशापर्यंतचं तिचं अंतर, ही दोन गुणोत्तरं सारखी. तत्त्व निर्दोष आहे, पण आरसा एक अंश कलला तर परावर्तित किरण दोन अंश वळतो, आणि पेव्हर ब्लॉकवर ठेवलेला आरसा एक अंश कललेला असणारच. त्यापेक्षा काळपट तळाच्या घमेल्यात पाणी घ्या. पाण्याची पातळी कुणाला तपासावी लागत नाही. वारा मात्र नको.

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, यावरून शहराला पुराचा अंदाज येतो. ओळखीच्या उंचीशी अनोळखी उंची ताडून बघायची, एवढंच यात आहे. फोटोतही तेच करता येतं. इमारतीच्या भिंतीला टेकून माहीत उंचीच्या माणसाला उभं करा, लांबून फोटो काढा आणि माणसाच्या किती पट इमारत भरते ते फोटोत मोजा. माणूस भिंतीपासून चार पावलं पुढे आला तरी तो मोठा दिसतो आणि उत्तर कमी येतं. कॅमेरा वर कलवला तर वरचे मजले आखडतात. म्हणून जवळून मान वर करून काढलेला फोटो या कामाचा नाही.

पायथ्यापर्यंत जाताच येत नसेल तर? महापालिकेचा जलकुंभ कुंपणाच्या आत असतो, दूरसंचाराचा मनोरा कुणाच्या तरी आवारात असतो, डोंगराच्या शिखराखालचा बिंदू तर डोंगराच्या पोटात असतो. अशा वेळी जमिनीवरचं पूर्ण अंतर मिळत नाही, पण त्याचा एक तुकडा मिळतो, आणि तेवढाही पुरतो. इथे मला भास्कराचार्य आठवतात. त्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचा भाग आहे. आपल्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाची नोंद असलेला १२०७ सालचा शिलालेख आहे. लीलावतीतलं एक उदाहरण असं: रात्री उंचावर दिवा जळतो आहे. १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभी खुंटी, ठेवली तर तिची सावली ८ अंगुळं पडते. सावलीच्या टोकाच्या दिशेने खुंटी दोन हात पुढे नेली की सावली १२ अंगुळं होते. दिव्याची उंची किती?

दिव्याच्या बुंध्यापर्यंत कुणी मोजायला गेलेलं नाही, हे बघा. एक हात म्हणजे २४ अंगुळं, म्हणून खुंटी ४८ अंगुळं सरकली. सावली ४ अंगुळं वाढली, तेव्हा सावलीचं टोक एकूण ५२ अंगुळं पुढे गेलं. सावली ४ ने वाढली तर टोकाचं दिव्यापासूनचं अंतर ५२ ने वाढलं, म्हणजे ते अंतर सावलीच्या १३ पट वेगाने वाढतं. समरूप त्रिकोणांत गुणोत्तर एकच असतं, तेव्हा दिवाही खुंटीच्या १३ पट उंच. १३ गुणिले १२, उत्तर १५६ अंगुळं, म्हणजे साडेसहा हात. टॅन नाही, कोन नाही, दोन सावल्या आणि एक वजाबाकी.

जलकुंभालाही हाच विचार लावा. कुंपणाबाहेर एका जागी कोन ४५ अंश आला. त्याच रेषेत सरळ २० मीटर मागे गेलात आणि कोन ३० अंश झाला. ४५ वर उंचीच्या प्रत्येक मीटरमागे अंतर १ मीटर असतं, ३० वर ते १.७३२ मीटर असतं. २० मीटर मागे गेल्याने प्रत्येक मीटरमागचं अंतर ०.७३२ ने वाढलं. तेव्हा उंची २० भागिले ०.७३२, म्हणजे २७.३ मीटर, अधिक डोळ्याचा दीड मीटर. जलकुंभ साधारण २८.८ मीटर उंच.

या रीतीची किंमत मात्र मोजावी लागते. मागचा कोन ३० ऐवजी ३१ वाचला गेला तर २७.३ च्या जागी ३०.१ येतात. एका अंशाने जवळजवळ तीन मीटर. पायथा गाठता येत असताना दोन जागांची रीत वापरू नये, आणि वापरावीच लागली तर दोन जागांमध्ये जमेल तितकं जास्त अंतर ठेवावं. प्रत्येक जागी कोन चार-पाच वेळा मोजून सरासरी काढली तर फायदा होतो.

हिमालयाची उंची ठरली ती याच विचाराने, फक्त साधनं प्रचंड होती. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटनने सुरू केलेलं भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण जमिनीवर मोजलेल्या पायारेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत उत्तरेला पोहोचलं. नेपाळात प्रवेश नव्हता, म्हणून तराईतल्या ठाण्यांवरून, दीडशेहून जास्त किलोमीटरवरून, शिखर क्रमांक पंधराचे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, कोन घेतले गेले. त्या आकड्यांचा हिशेब करण्यात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. पायथ्याशीही न जाता केलेल्या मोजणीत नऊ मीटरांचा फरक.

पुन्हा गल्लीत येऊ. आतापर्यंत जमीन सपाट धरली, पण जुन्या नाशकात ती कुठे सपाट आहे? गोदाघाटावर उभं राहून वरच्या इमारतीकडे बघितलं तर तिचा पायाच तुमच्या डोक्याच्या वर असतो, आणि चढावर उभे असाल तर पाया पायांखाली जातो. अशा ठिकाणी दोन कोन घ्या, एक टोकाचा आणि एक पायाचा. पाया डोळ्याच्या पातळीच्या खाली असेल तर दोन्ही टॅनची बेरीज करा, वर असेल तर वजाबाकी करा, आणि अंतराने गुणा. डोळ्याची उंची यात आपोआप हिशेबात येते, वेगळी मिळवायची नाही. अंतर मात्र आडवं हवं, उतारावरून टेप टाकून मोजलेलं नको. १० अंशांच्या उतारावर २० मीटर टेप म्हणजे आडवे १९.७ मीटर, ते सोडून देता येईल. २० अंशांच्या उतारावर तेच १८.८ होतात, ते सोडून देता येणार नाहीत.

उत्तर आलं की ते वेगळ्या वाटेने पडताळून बघा. इमारतीत जाता येत असेल तर जिना हा उत्तम पंच आहे. एका पायरीची उंची टेपने मोजा आणि गच्चीपर्यंतच्या पायऱ्या मोजा. समजा पायरी १५.५ सेंटीमीटरची आणि मजल्याला १९ पायऱ्या, तर मजला २.९४ मीटरचा. दहा मजल्यांचे २९.४ मीटर, त्यात तळमजल्याचा जोता आणि गच्चीचा कठडा मिळवा. गुण्याने आलेलं उत्तर याच्या मीटरभर अलीकडे-पलीकडे असेल तर मोजणी बरोबर आहे. पाच मीटरांचा फरक दिसला तर बहुधा अंतर चुकीच्या बिंदूपर्यंत धरलेलं असतं.

आणि ही मोजणी करून करायचं काय? सध्या अनेक सोसायट्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार करताहेत, आणि दक्षिणेला शेजारी उंच इमारत उभी राहत असेल तर पहिला प्रश्न तिच्या सावलीचा असतो. शेजारची इमारत ३६ मीटर आणि तुमची गच्ची २४ मीटरवर असेल, तर सावलीच्या हिशेबात उंची फक्त १२ मीटर. नाशिकला २२ डिसेंबरच्या भर दुपारी सावली उंचीच्या ०.९५ पट पडते, म्हणजे ११.४ मीटर, सरळ उत्तरेकडे. दोन इमारतींमध्ये ९ मीटरची जागा असेल तर तुमच्या गच्चीचा दक्षिणेकडचा अडीच मीटरांचा पट्टा त्या दुपारी सावलीत जाईल. सकाळी नऊ वाजता सूर्य फक्त २२ अंशांवर असतो, तेव्हा सावली उंचीच्या अडीचपट लांब आणि वायव्येकडे कललेली. तिचा उत्तरेकडचा पल्ला सुमारे १८ मीटर भरतो, त्यातून मधले ९ वजा केले की गच्चीवर ९ मीटर सावली. पॅनेल त्या रेषेच्या उत्तरेला बसवली तर वर्षभर सकाळी नऊपासून दुपारपर्यंत शेजारच्या इमारतीची सावली त्यांच्यावर येणार नाही. दुपारनंतर तीच सावली ईशान्येकडे फिरते, म्हणून चार वाजताच्या उन्हासाठीही हाच हिशेब एकदा करावा.